दादाचा काही भरवसा नाही

पत्र असं आहे:

"ताई, तुम्ही शब्दांवर लिहिता म्हणून तुम्हालाच विचारते. पुढच्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. कोण नेणार, कोण थांबणार असं घरच्या ग्रुपवर चाललं होतं. दादा म्हणाला, 'बघू, जमवतो.' मी लिहिलं, 'दादाचा काही भरवसा नाही, मीच रजा टाकते.' झालं! दादा ग्रुपमधून बाहेर पडला आणि दहा मिनिटांत वहिनीचा फोन, 'सख्ख्या भावावर विश्वास नाही?' खरं सांगते, दादा लबाड नाहीये. आईचं बँकेचं सगळं तोच बघतो, पैचा घोळ नाही. पण वेळ पाळणं त्याला जमतच नाही. मागे तिचे रिपोर्ट आणायला गेला तो चार तासांनी उगवला, फोन बंद. आणि कधी कधी सगळ्यांच्या आधी हजर! माझा नवरा म्हणतो, भरवसा काय नि विश्वास काय, एकच, तू भावाला सरळ खोटारडा म्हणालीस. वर म्हणतो, विश्वास तर पानिपतातच गेला. मला फक्त 'तो रिलायेबल नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी चुकीचा शब्द वापरला का? मग बरोबर कुठला? आणि आता दादाशी बोलू काय?
आपली विश्वासू, धाकटी"

अगं धाकटे,

आधी निकाल देऊन टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. शब्द तू बरोबर वापरलास. नवरा चुकलाय. पण तू पण पूर्ण सुटत नाहीस, त्याचं नंतर सांगते.

तुझ्या मेसेजमध्ये सगळा खेळ एका 'चा'चा आहे. तू लिहिलंस दादाचा भरवसा नाही. वहिनीने वाचलं दादावर भरवसा नाही, आणि फोन लावेपर्यंत त्याचं दादावर विश्वास नाही असं होऊन बसलं, म्हणजे दोन पायऱ्या ती स्वतःच चढली आणि भांडायला मात्र तुझ्या दारात आली. 'अमक्याचा भरवसा नाही' म्हणजे तो काय करेल, कधी करेल, करेल की नाही, काही सांगता येत नाही. 'अमक्यावर भरवसा नाही' म्हणजे माझं काही मी त्याच्या हातात द्यायची नाही. पहिल्यात त्याच्या वागण्याचा अंदाज लागत नाही एवढीच तक्रार आहे, दुसऱ्यात मी त्याच्यापासून एक पाऊल मागे सरकलेय.

पटत नसेल तर वाक्यातून माणूस काढ आणि वस्तू घाल. पावसाचा भरवसा नाही. नेटवर्कचा भरवसा नाही. त्या लिफ्टचा काही भरवसा नाही, जिन्यानेच जाऊ. कुणालाच यात काही खटकत नाही. आता म्हणून बघ, माझा पावसावर विश्वास नाही. हसू येतं की नाही? जणू पाऊस बिऊस काही नसतो, लोकांनी उठवलेली अफवा आहे! पाऊस लबाड नसतो ना गं, त्याने आपल्याला फसवायचं ठरवलेलं नसतं, तो आपला त्याच्या लहरीने पडतो किंवा पडत नाही. तुझ्या वाक्यातला दादा हा पावसासारखा दादा आहे. वहिनीने ऐकलेला दादा चोरासारखा.

नवऱ्याच्या त्या कोटीबद्दल. कुणी 'विश्वास ठेव' म्हटलं की हे वाक्य टाकणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो, तुझ्या वाट्याला तो लग्न करून आलाय. तो विश्वास म्हणजे विश्वासराव, नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा, १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर गोळी लागून गेला, विशीसुद्धा गाठली नव्हती पोराने. अडीचशेहून जास्त वर्षं आपण त्याच्या मरणावर कोट्या करतोय, असो. पण या कोटीतच तुझ्या नवऱ्याला उत्तर आहे. पोराचं नाव लोक विश्वास ठेवतात, भरवसा कोणी ठेवलेलं ऐकलंयस? दोन्ही एकच असते तर एखादा तरी भरवसराव निघाला असता की. विश्वास ही माणसाकडून बाळगायची आशा आहे, पाळण्यातल्या पोराकडूनही ती बाळगता येते. भरवसा पोराने दहावीस वर्षं काहीतरी करून दाखवल्यावरच बसतो.

आणखी एक पुरावा देते, हा मला जास्त आवडतो. मराठीत विश्वासघात आहे. भरवसाघात नाही. शोधून बघ, सापडणार नाही. कारण विश्वास मोडला तर कुणीतरी मुद्दाम काहीतरी केलेलं असतं, तिथे घात आहे, पाठीत सुरा आहे. भरवसा मोडला तर काय होतं, तर खोळंबा होतो. माणूस येतच नाही, आपण दारात पिशवी घेऊन उभे, डोक्यावर ऊन. राग येतो, कधी कधी विश्वासघातापेक्षा जास्तच येतो (मला तर येतो), पण गुन्हा म्हणावा असं त्यात काही नसतं. म्हणून तुझा दादा भरवशाचा नसून विश्वासू असू शकतो, यात काहीही उलटसुलट नाही. बँकेची कामं तो करतो, पैचा घोळ नाही, म्हणजे विश्वासू. रिपोर्टला चार तास, म्हणजे भरवसा नाही. आणि याच्या उलटे लोकही असतात हं, घड्याळ लावून वेळेवर येणारे, दिलेलं काम चोख करणारे, आणि आपली पाठ वळली की आपल्याबद्दल वाट्टेल ते बोलणारे. भरवशाचे आहेत. विश्वासू अजिबात नाहीत.

विश्वासू शब्दाचीही एक गंमत आहे, तू स्वतःच पत्राखाली लिहिलायस. आपला विश्वासू, आपली विश्वासू, शाळेत पत्रलेखन शिकल्यापासून आपण हे अर्जाच्या खाली लिहीत आलोय, ज्याला आयुष्यात कधी पाहिलं नाही त्या साहेबालासुद्धा. अर्ज रजेचा, कारण खोटं, आणि खाली आपला विश्वासू.

मुळात विश्वास म्हणजे वि आणि श्वस्, श्वास घेणे यातला तो श्वस्. श्वास, निःश्वास, आश्वासन सगळी एकाच घरची भावंडं. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो, छातीवर दडपण राहत नाही, असं काहीसं. आश्वासनाचाही अर्थ खरं म्हणजे धीर देणं, पण रोजच्या बोलण्यात त्याची काय दशा झालीये बघ, 'नुसती आश्वासनं देतो' म्हटलं की समोरच्याला कळतं, काही होणार नाहीये. म्हणजे आश्वासनाचाच भरवसा राहिला नाही.

खात्रीचं कुळ वेगळं. हा अरबी 'खातिर'वरून फारसीतून आपल्याकडे आला, खातिर म्हणजे मन, आतला विचार. खातरजमा करणे म्हणतो ना आपण, तर त्या खातरजमेत मन जमा होणं आहे, चार दिशांना धावणारं मन गोळा होऊन एका जागी बसलं, झाली खातरजमा. तुझ्या भांडणासाठी हे फार कामाचं आहे, म्हणून नीट बघ. खात्री माझी असते. खात्री पटते मला, खात्री करून घेते मी. भरवसा मात्र दुसऱ्याचा असतो, दुसऱ्यावर असतो. 'दादाचा भरवसा नाही' म्हटलं की बोट दादाकडे जातं. 'दादाला त्या दिवशी जमेल का याची मला खात्री नाही' म्हटलं की बोट माझ्याकडे राहतं, माझंच मन अजून बसलेलं नाहीये. बातमी तीच आहे बघ, रजा तुलाच टाकायचीये, पण ग्रुप सोडून जाण्यासारखं त्यात दादाला काही सापडलं नसतं.

आणखी हळू हवं असेल तर 'नेम नाही'. दादाचा काही नेम नाही. हे आपण लाडानेसुद्धा म्हणतो, हसत हसत, काय बाई याचा नेम नाही, परवा अचानक दारात उभा! नेम म्हणजे नियमच, घासून गुळगुळीत झालेला. शाश्वती पण आहे, पण शाश्वती जरा जड पडते, आयुष्याची, नोकरीची, तब्येतीची शाश्वती. दादाच्या येण्याची शाश्वती नाही असं लिहिलं असतंस तर वहिनी डॉक्टरला घेऊन आली असती.

आणि इथे तुझं चुकलं ते सांगते. 'काही भरवसा नाही' हा 'काय भरवसा'च्या फार जवळ राहतो. 'काही' मध्ये खांदे उडवलेत, 'काय' मध्ये तोंड वाकडं केलंय. 'त्याचा काय भरवसा!' यात संशय आला, हा माणूस काहीही करेल असं. आता तोंडाने बोललं तर फरक ऐकू येतो, टाईप केलं की जातो, वाचणारा आपल्या मनात ज्या सुरात वाचेल तो सूर. त्यात तू पुढे लगेच जोडलंस, 'मीच रजा टाकते'. त्या 'मीच'मधला च कुणाला लागला असेल असं वाटतं तुला? एकटं 'मी रजा टाकते' लिहिलं असतंस तर तो निरोप होता. च लावलास आणि त्याचा टोमणा झाला. त्यात ग्रुपवर, जिथे मामा, आत्या, चुलत भावंडं सगळे निळ्या टिक लावून गप्प बसलेले! भावाला एकट्याला हेच लिहिलं असतंस तर त्याने 'बरंय बाई' म्हणून एक अंगठा पाठवला असता.

आता तुझा मधला प्रश्न, रिलायेबलला मराठीत नेमका शब्द कुठला. एक नाही. रिलायेबल हा मोठ्या पिशवीसारखा शब्द आहे, माणूस, गाडी, बातमी, औषध, आकडेवारी सगळं आत बसतं. मराठीत प्रत्येकाचा डबा वेगळा.

माणसाला आणि वस्तूला रोजच्या बोलण्यात भरवशाचा, भरवशाची. भरवशाची गाडी, भरवशाचा सुतार, भरवशाचा बॅट्समन. विश्वासार्ह हा विश्वास आणि अर्ह, म्हणजे विश्वासाला लायक, तो कागदोपत्री शब्द आहे, संस्था, अहवाल, साक्षीदार यांना शोभतो. 'माझी स्कूटर विश्वासार्ह आहे' म्हणालीस तर लोकांना वाटेल स्कूटरची मुलाखत घेऊन ठरवलंय. विश्वसनीय हा बातम्यांचा, विश्वसनीय वृत्त, विश्वसनीय सूत्रं. तिथेच खात्रीलायक पण फिरतो, खात्रीलायक सूत्रांकडून समजते, आणि आता आपल्याला सवयीने कळतं की सूत्राचं नाव घेता येत नाहीये. खात्रीशीर मात्र जाहिरातवाल्यांनी पार वापरून टाकला. खात्रीशीर उपाय, खात्रीशीर वजन कमी, हा शब्द दिसला की मी पैशांची पर्स आत ठेवते.

इमानेइतबारे माहितीये ना? इमानेइतबारे नोकरी केली. त्यातला इतबार म्हणजे भरवसाच, अरबीतून आलेला. एकटा इतबार आता मराठीत फारसा कोणी वापरत नाही, इमानाचा हात धरून तेवढा जगलाय. बघ, जुन्या लोकांनाही कळत होतं की ही दोन वेगळी कामं आहेत, इमान वेगळं, इतबार वेगळा, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लावले.

लिहिण्याची एक गोष्ट आलीच आहे तर सांगून टाकते, तुझ्या नवऱ्याला चिडवायला उपयोगी पडेल. भरवसा, पण भरवशाचा. पैसा-पैशाचा, ससा-सशाला, घसा-घशात, तसंच. साहित्य महामंडळाच्या लेखननियमात 'सा'चा 'शा' होतो, 'श्या' होत नाही. त्यामुळे 'भरवश्याचा' असं जे लोक टाईप करतात ते नियमाने चूक. भरोसा मात्र हिंदीतून उसना आणलाय असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, बोलताना आपल्याकडे दोन्ही चालतात, रामभरोसे तर सगळेच म्हणतात. लिहिताना मी भरवसा लिहिते, एवढंच.

नियम संपले.

आता भिस्त. भिस्त आणि मदार हे दोन शब्द मला भीतिदायक वाटतात. सगळी भिस्त तुझ्यावर. सगळी मदार त्याच्यावर. मदार म्हणजे मूळ अरबीत आस, ज्याच्याभोवती बाकीचं फिरतं ती. भरवसा दहा जणांवर ठेवता येतो, मदार एकावरच असते. एका अंकासाठी मी लेख देते म्हटलं होतं, खूप वर्षं झाली, संपादकांचा फोन आला की करतेय, झालाच आहे, उद्या पाठवते असं करत करत तीन आठवडे घालवले, आणि शेवटच्या फोनला ते बिचारे रागावले पण नाहीत, एवढंच म्हणाले, "तुमच्यावर भिस्त ठेवून ती चार पानं रिकामी ठेवली होती." मला बेभरवशाची म्हणाले असते तर मी वाद घातला असता, कारणं होती माझ्याकडे, चांगली खरी कारणं होती. पण रिकामी चार पानं डोळ्यांसमोर आल्यावर काय बोलणार? लेखात मी एक ओळ खोटी लिहिली नसती. विश्वासू होतेच की. पानं रिकामी राहिली ती राहिलीच. तुझ्या दादाबद्दल माझा हात थोडा सैल पडतोय तो यामुळे, हे तुला आधीच सांगायला हवं होतं खरं तर.

विसंबून राहणे हाही शब्द नीट बघण्यासारखा आहे. 'ती पोराला क्षणभरसुद्धा विसंबत नाही' म्हणतो आपण, म्हणजे नजरेआड होऊ देत नाही. म्हणजे कुणावर विसंबून राहिलो की त्या कामावरची आपली नजर हटते, त्या शब्दातच ते ठेवलंय. अवलंबून वेगळं, त्यात पर्याय नसतो. लहान मूल आईवर अवलंबून असतं, त्याने काही निवड केलेली नसते. तुझी आई ऑपरेशननंतर काही दिवस तुम्हा दोघांवर अवलंबून असणार आहे. तू दादावर विसंबायचं की नाही हे मात्र तुझ्या हातात आहे.

भरवशाच्या म्हशीला टोणगा ही म्हण तुझ्या डोक्यात येऊन गेली असणार, आली नसेल तर वहिनीच्या नक्की आली असेल. या म्हशीला सगळे हसतात, मला तिची बाजू घ्यावीशी वाटते. पारडी होईल, पुढे दूधदुभतं होईल हा हिशोब मालकाचा. म्हशीला कोणी विचारलं होतं का? तिने शब्द दिला होता का? तिच्याकडून भरवसा मोडला गेलाच नाही, तिच्यावर तो परस्पर ठेवला गेला होता.

तर मुद्द्याचा प्रश्न, दादाने शब्द दिला होता का? पत्रात तूच लिहिलंयस, दादा म्हणाला 'बघू, जमवतो'. अगं 'बघू' हा शब्द देणं नाहीच. मराठीत 'बघू' म्हणजे नाही म्हणायला जीभ रेटत नाहीये. 'जमवतो' त्याच्यापेक्षा अर्धी पायरी वर, प्रयत्न करीन इतपत. 'होऊन जाईल' म्हणणारा सगळ्यात धोक्याचा, कारण त्यात करणारा कोणीच नाही, ते आपलं आपण होऊन जाणार आहे. 'करतो' ठीक, पण कधी ते नाही. 'मंगळवारी सकाळी सातला गाडी घेऊन खाली उभा असतो', हा शब्द. दिवस आहे, वेळ आहे, जागा आहे, आणि उभा कोण तेही आहे. आपल्या भाषेत शब्द या शब्दाचाच अर्थ वचन आहे, शब्द दिला, शब्द पाळला, शब्द फिरवला, शब्दाला जागला. दादाने तुला असा शब्द दिलाच नव्हता, मग तो मोडणार अशी जाहीर घोषणा तू आधीच का केलीस? पुढे जे झालं नाही त्याबद्दल त्याला बोल लागला, राग त्याचाही आहे धाकटे. रिपोर्टच्या वेळी चिडली असतीस तर एक शब्द बोलले नसते, तेव्हा गप्प राहिलीस आणि आता काढलास तो राग, असंच दिसतंय मला इथून.

आता कामाचं. मानसशास्त्राच्या पुस्तकात चाचण्यांबद्दल लिहिताना विश्वसनीयता हा शब्द येतो, रिलायेबिलिटीसाठीच, आणि तिथे त्याचा अर्थ अगदी आखीव आहे, तीच चाचणी परत परत घेतली तर उत्तर तेच येतं का. बरोबर येतं का हा वेगळा प्रश्न, त्याला यथार्थता, सप्रमाणता असं काही म्हणतात. वजनकाटा घे. रोज दोन किलो कमी दाखवणारा काटा चुकीचा आहे, पण भरवशाचा आहे, दोन मिळवले की झालं काम. एक दिवस दोन कमी, दुसऱ्या दिवशी तीन जास्त आणि मध्येच एकदा अगदी बरोबर दाखवणारा काटा काही कामाचा नाही, ते बरोबर उत्तर सुद्धा वाया, कारण ते आज आलंय की उद्या येणार आहे ते कळायला मार्ग नाही.

दादा कुठला काटा आहे? दादा हमखास तासभर उशीर करणारा असता (बघ, हमखास हा शब्द आपण कसा वापरतो, हमखास विसरतो, हमखास उशीर करतो, इतका खात्रीचा शब्द आणि जास्त करून तक्रारीलाच) तर मी म्हणाले असते त्याला नऊऐवजी आठची वेळ सांग, विषय संपला. पण तू म्हणतेस कधी चार तास उशीर, कधी सगळ्यांच्या आधी हजर. म्हणजे दुसरा काटा. याला लवकरची वेळ सांगून उपयोग नाही, एखाद्या दिवशी तो खरंच तेव्हा पोचेल आणि तुमच्या नावाने बोंबलेल. तर वेळेची कामं त्याच्याकडे देऊच नकोस. ऑपरेशनच्या सकाळी नेणं, नंतर डॉक्टर सांगतील त्या त्या वेळेला डोळ्यात ड्रॉप्स घालणं, तपासणीची अपॉइंटमेंट, ही सगळी घड्याळाची कामं, ही तुझी. मेडिक्लेमचे कागद, बिलं, फाईल नीट लावणं, डॉक्टरशी खर्चाचं बोलणं, आईचे बँकेचे व्यवहार, हे दादाचं. यात तो तुझ्यापेक्षा चांगला आहे असं तुझ्याच पत्रावरून दिसतंय, आणि कागद रात्री अकरा वाजता भरला काय नि सकाळी सहाला भरला काय, आईच्या डोळ्याला फरक पडत नाही.

हे त्याला फोनवर सांग. टाईप करू नकोस, तो 'काही'चा सूर परत कोणीतरी वेगळा वाचेल. आणि सांगताना भरवसा, विश्वास, खात्री यातलं काहीच काढू नकोस, शब्दांची फोड मी तुझ्यासाठी केली, त्याच्यासाठी नाही, भांडणात व्याकरण काढणाऱ्याला कोणी माफ करत नाही. मी असं काहीतरी बोलले असते: "दादा, ग्रुपवर लिहिलं ते माझं चुकलं, सगळ्यांसमोर नको होतं. रिपोर्टच्या दिवशी आई उपाशी बसून राहिली होती, फोन लागत नव्हता, तेव्हा मी घाबरले होते, ते डोक्यात राहिलं. त्या दिवशी सकाळी मी नेते. इन्शुरन्सचं मला काही कळत नाही, ते तू घेशील का? आणि घेणार असशील तर कागद कधीपर्यंत होतील तेवढं आत्ताच सांग." (उपाशीचं मी मनाने घातलंय, तुझ्या घरी त्या दिवशी जे झालं असेल ते घाल.) त्यावर तो 'बघू' म्हणाला तर चिडू नकोस, फक्त विचार, "बघू म्हणजे शुक्रवार का?" आणि गप्प बस. तारीख त्याच्या तोंडून येऊ दे, तू काढून दिलेली तारीख ही तुझीच राहते.

वहिनीला वेगळा फोन कर, लहानसा. तिला एवढंच सांग की दादाच्या हाती आईची सगळी बँक आहे आणि तुला कधी एक कागद बघावासा वाटला नाही. विश्वासाबद्दल यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही, ती समजेल. नवऱ्याला सांग की पानिपत पुरे आता.

दादाला ग्रुपमध्ये परत घेशील तेव्हा कोणी स्वागताचे फुगे पाठवणार नाही एवढं बघ. ऑपरेशन कसं झालं ते मला कळव. कधी कळवतेस? बघू म्हणू नकोस.